काजूच्या सालीचं रसायन शाश्वत आहे का, हे फ्लास्क लावण्याआधी कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या कारखान्याच्या आर अँड डीत तुम्ही काम करता. काजूच्या सालीच्या तेलातून निघणाऱ्या कार्डनॉलपासून बोटींच्या इपॉक्सी रंगासाठी हार्डनर (रेझिनशी जोडला जाऊन रंग कडक करणारा घटक) करायचा आहे. लॅबमध्ये तो बनवायचे दोन-तीन रूट, म्हणजे मार्ग, जमलेत. युरोपातला ग्राहक शाश्वततेचं मूल्यमापन मागतोय, तुमचे साहेब म्हणतात ‘माल झाडापासून येतो, तसं लिहून द्या’. आणि प्लँटचा एकही आकडा हातात नसताना मूल्यमापन करायचं कशाचं, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, हे तुम्हाला कळत नाहीये.

सॉफ्टवेअर आत्ता नकोच. एक कोरा कागद, कॅल्क्युलेटर आणि अणुभारांचा तक्ता एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. आणि आकडे नाहीत म्हणून थांबलात तर आकडे येईपर्यंत रूट पक्का झालेला असेल, रिअ‍ॅक्टरची ऑर्डर गेलेली असेल, मग अहवालात काहीही निघालं तरी बदलणार कोण? मी 27 वर्षं लोटे आणि महाड या कोकणातल्या दोन औद्योगिक वसाहतींत प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढली. त्यातली पहिली काही वर्षं मीही हे काम शेवटी करायचं प्रमाणपत्राचं काम समजत होतो. त्याची शिक्षा काय झाली ते आधी सांगतो.

एका कारखान्यात फ्रीडेल-क्राफ्ट्स अ‍ॅसिलेशनचा माल होता (अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या मदतीने रेणूला नवा गट जोडायची विक्रिया). लॅबमध्ये यिल्ड, म्हणजे हाती येणारा माल, उत्तम, रंग पांढराशुभ्र, सगळे खूश. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड अर्थातच मोलमागे एकापेक्षा जास्त मोल, कारण ते मालाला चिकटून बसतं आणि क्वेंच केल्याशिवाय, म्हणजे पाण्यात टाकून विक्रिया मोडल्याशिवाय, सुटत नाही. क्वेंचनंतर काय होतं हे लॅबमध्ये आम्ही सिंकमध्ये ओतून विसरायचो. आता कागदावर मांडून बघा. मालाचा रेणुभार 200 धरा, म्हणजे 1 किलोमोल म्हणजे 200 किलो. 1.2 किलोमोल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड म्हणजे 160 किलो. कॉस्टिक सोड्याने न्यूट्रल केलं की 144 किलो कॉस्टिक आणखी जातं, आणि हातात येतो 94 किलो कोरडा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, शिवाय 210 किलो मीठ. पण हा हायड्रॉक्साइड कोरडा कधीच मिळत नाही. तो चिकट, जेलीसारखा गाळ असतो. फिल्टर प्रेसमधून 80 टक्के पाणी धरून बाहेर आला तर तो होतो 470 किलो. म्हणजे 200 किलो मालामागे अर्धा टन गाळ.

आम्ही तो ड्राइंग बेडवर वाळवणार होतो. बॅचेस सुरू झाल्या मे अखेरीला. पुढचं कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जूनमध्ये बेडवर ताडपत्री घातली, जुलैत ताडपत्रीच्या आत बुरशी आली आणि गाळ आला तेवढाच ओला. ऑगस्टमध्ये पोत्यांची थप्पी सिक्युरिटी केबिनपर्यंत पोचली. लॅबच्या वहीत त्या गाळाचं वजन कुठेच नव्हतं, आणि ती वही माझी होती.

तेव्हापासून माझा नियम एकच: जो किलो गेटमधून आत येतो तो कुठून तरी बाहेर जाणार, तर तो कुठून जाणार हे पहिला फ्लास्क लावण्याआधी लिहायचं. माल म्हणून, गाळ म्हणून, पाण्यातून खाडीत, चिमणीतून हवेत, की ड्रममध्ये भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला. पाच रकाने पाडा आणि प्रत्येक रूटसाठी भरा. अंदाज चालतो, रिकामा रकाना चालत नाही.

या हिशेबाला शास्त्रीय नावं आहेत, ग्राहकाला तीच लागतील. रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी 1991 मध्ये अणुबचतीची कल्पना मांडली: कच्च्या मालातले किती अणू मालात उतरले. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर 1992 चा: 1 किलो मालामागे किती किलो कचरा. त्यांच्याच ढोबळ वर्गवारीत मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांना 1 ते 5, फाइन केमिकल्सना 5 ते 50 आणि औषधांना 25 ते 100 च्या वर. आमच्या लोट्यातला बराचसा माल मधल्या आणि शेवटच्या गटात बसतो, हे लक्षात घेतलं की खाडीवरच्या तक्रारींचं नवल वाटत नाही. औषधवाले प्रोसेस मास इंटेन्सिटी म्हणतात, तो ई-फॅक्टरमध्ये 1 मिळवून येणारा आकडा. पाणी धरलं की वगळलं हे मात्र दरवेळी लिहा, नाहीतर दोन रूटची तुलना म्हणजे आंबा आणि फणस एका पारड्यात.

आता या आकड्यांचा आंधळेपणा. ई-फॅक्टरला 1 किलो मीठ आणि माशांना बाधणारं 1 किलो नोनिलफिनॉल सारखंच. शेल्डननी स्वतःच म्हणून कचऱ्याच्या उपद्रवाचा गुणक लावायला सुचवलं होतं, पण तो ठरवायचा कसा यावर आजही वाद होतो. आयब्युप्रोफेनचं उदाहरण सगळीकडे शिकवतात: जुना सहा पायऱ्यांचा मार्ग, अणुबचत 40 टक्के, 1992 पासूनचा तीन पायऱ्यांचा मार्ग, 77 टक्के. खरं आहे, सुंदर रसायन आहे. पण नव्या मार्गाच्या पहिल्या पायरीत निर्जल हायड्रोजन फ्लोराइड वापरतात, जे कातडीतून हाडापर्यंत पोचतं. ते बंद चक्रात परत परत वापरतात, त्यामुळे कचऱ्याच्या रकान्यात ते जवळजवळ दिसतच नाही. कुंपणाला लागून वाडी असलेल्या आमच्या प्लॉटवर मी तो मार्ग घेतला नसता. म्हणून पाच रकान्यांशेजारी सहावा ठेवा: हे सांडलं, गळलं, पेटलं तर काय? आणि कोकणापुरता त्याचा पोटप्रश्न: हे पाण्यात भिजलं तर काय? 22 जुलै 2021 ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. पाण्याशी भडकणारा कच्चा माल तळमजल्यावरच्या गोदामात ठेवावा लागणारा रूट इथे शाश्वत नाही, अहवालात काहीही येवो.

तुमच्या मालाकडे येतो. पहिला प्रश्न: तुलना कशाशी, आणि कोणत्या मापाने? 1 किलो तुमचा हार्डनर विरुद्ध 1 किलो बाजारातला पॉलिअमाइड हार्डनर, ही तुलना करू नका. ग्राहक हार्डनर विकत घेत नाही, तो रंगवलेला पृष्ठभाग विकत घेतो. तेव्हा माप धरा ‘इतके चौरस मीटर, इतकी वर्षं’. 100 भाग रेझिनला तुमचा माल किती लागतो, थर किती जाड, किती वर्षांनी परत खरवडून रंगवावं लागतं. कार्डनॉलवर बेतलेले हार्डनर (फेनाल्कामाइन) थंडीत आणि दमट हवेत सेट होतात, हे त्यांचं खरं बळ. तुमच्या युरोपच्या ग्राहकाला थंडीचं कौतुक असेल, हर्णैच्या बोटवाल्याला दमट हवेचं. रंग दोन वर्षं जास्त टिकला तर त्यापुढे तुमच्या रिअ‍ॅक्टरमधली वाफेची बचत चिल्लर आहे. टिकाऊपणाची चाचणी महाग असते, वेळखाऊ असते, म्हणून ती सगळे पुढे ढकलतात. तुम्ही ढकलू नका.

दुसरं, ‘झाडापासून येतो’. साहेबांचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. कार्डनॉलच्या रेणूत 21 कार्बन, सगळे काजूचे. त्याला एक फॉर्मल्डिहाइड आणि एक इथिलीनडायअमाइन जोडलं की मालात 24 कार्बन. त्यातले 21 झाडाचे, 3 खनिज तेला-वायूचे. वजनाने बघितलं तर 80 टक्क्यांच्या आसपास. अमाइन जास्त घातलंत तर आकडा उतरतो. हे आकडे छातीठोक लिहा, चांगलेच आहेत. पण फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि ते तुमच्या गेटमधून येणार आहे, हेही त्याच पानावर लिहा.

त्याआधीची एक पायरी लोक विसरतात. काजूच्या कच्च्या तेलात मुख्य घटक अ‍ॅनाकार्डिक आम्ल. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून कार्डनॉल होतं. रेणुभार 344 चा 300, म्हणजे जवळजवळ 13 टक्के वजन हवेत. हा वायू झाडाने हवेतूनच घेतलेला, त्यामुळे हवामानाच्या हिशेबात तो जड नाही. पण तापवायला लागणारं इंधन आणि नंतर व्हॅक्यूमखाली उच्च तापमानाला करावं लागणारं डिस्टिलेशन हे तुमच्या खात्यावर आहे. खाली उरणारा काळा राळेसारखा अवशेषही. तो कुठे जातो हे पुरवठादाराला फोन करून विचारा. ब्रेक लायनिंगच्या पावडरीत किंवा फौंड्रीत जात असेल तर चांगलं, उघड्यावर जाळत असेल तर तुमचा माल तेवढा काळा.

आणि काजू तरी कुठला? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची झाडं आपल्या डोंगरांवर आहेत, पण कारखान्यांना वर्षभर पुरेल एवढी बी इथे होत नाही, बरीच आफ्रिकेतून जहाजाने येते. साल रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आहे म्हणून बागही इथलीच, असं धरू नका.

इथे एक हिशेबाची खोच आहे आणि तिच्यावर अहवालाचं उत्तर उलटंपालटं होतं. 100 किलो बीतून ढोबळ पाव भाग गर निघतो, उरलेलं बहुतांश साल. बागेचा, खताचा, जहाजाचा भार गर आणि साल यांच्यात वाटायचा कसा? वजनाने वाटलात तर बहुतेक भार सालीच्या, म्हणजे तुमच्या, माथी. किमतीने वाटलात तर जवळजवळ सगळा गराच्या, तुम्ही मोकळे. जीवनचक्र मूल्यमापनाचं मानक (आयएसओ 14044, 2006) सांगतं की आधी वाटणी टाळता येते का बघा, मग भौतिक नात्याने वाटा, ते जमलं नाही तर किमतीने किंवा दुसऱ्या नात्याने. माझं मत: कोणी सालीसाठी काजू लावत नाही, म्हणून किमतीने वाटणी इथे न्याय्य. पण दोन्ही पद्धतींचे आकडे छापा. उद्या कार्डनॉलचा भाव वाढला की सालीचाही वाढेल, आणि तुमचा ‘जवळजवळ शून्य’ आकडा त्याच दिवशी बदलेल.

काजू सोलणाऱ्या बायकांचे हात पाहिलेत? सालीचं तेल लागलं की कातडी काळी पडते, सोलते. म्हणून त्या बोटांना राख चोळतात. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले. बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला हे तेल काय चीज आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. कार्डनॉलमध्ये हा गुण कमी होतो, संपत नाही, आणि अमाइन हार्डनर तर मुळातच कातडीची अ‍ॅलर्जी आणणारे. तेव्हा रंग मारणाऱ्या माणसाला हातमोजे लागतील का, डब्यावर काय छापावं लागेल, हा मूल्यमापनाचाच भाग आहे. ‘नैसर्गिक’ शब्दाच्या मागे तो लपवू नका. उलट जमेची बाजूही आहे. नोनिलफिनॉल आणि त्याचे इथॉक्सिलेट माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात म्हणून युरोपने 2003 साली त्यांवर निर्बंध आणले. इपॉक्सीत ते आजही काही ठिकाणी प्लॅस्टिसायझर किंवा वेग वाढवणारं म्हणून मिसळलं जातं. तुमच्या मालामुळे ते बाहेर पडत असेल तर माझ्या मते तुमच्या अहवालातली ती सर्वांत मोठी ओळ, नवीकरणीय कार्बनपेक्षाही.

बोटीचा रंग आहे म्हणून ट्रायब्युटिल टिनची आठवण ठेवाच. बोटीच्या तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून जगभर वापरलेलं रसायन. काम इतकं चोख की वर्षानुवर्षं कोणी शंका घेतली नाही. मग माद्या गोगलगायींना नराचे अवयव फुटायला लागले. बंदीचा आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये झाला आणि लागू झाला सप्टेंबर 2008 मध्ये. समुद्रात झिजून जाणाऱ्या मालाला ‘झिजल्यावर त्याचं पुढे काय होतं, किती दिवसांत तुटतं’ हा प्रश्न लॅबमध्ये विचारायचा, कारण बंदरात तो विचारायला उशीर झालेला असतो. तुमचा हार्डनर रेझिनशी जोडला जातो, त्यामुळे धोका कमी. न जोडलेलं अमाइन किती राहतं तेवढं मोजा.

आता रूट निवडताना इथल्या हवेने केलेले घोळ. युरोपातल्या किंवा अगदी पुण्यातल्या लॅबच्या आकड्यांवर डोळे मिटून जाऊ नका. डायक्लोरोमिथेन हे नेहमीचं सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव) 40 अंशांना उकळतं. आमच्याकडे हवा इतकी दमट की कूलिंग टॉवरचं पाणी वर्षातले बरेच महिने 30-32 अंशांखाली जात नाही. त्या पाण्यावर कंडेन्सर चालवलात तर सॉल्व्हंट छपरावरच्या व्हेंटमधून जातं. मग चिलर, ब्राइन, वीज. लॅबमध्ये ‘95 टक्के रिकव्हरी’ लिहिणाऱ्याच्या कंडेन्सरमध्ये बर्फाचं पाणी फिरत असतं.

म्हणून ते बदलून इथाइल अ‍ॅसिटेट घ्यायचं? मीही घेतलं होतं. कर्करोगाची शंका नाही, 77 अंशांना उकळतं, कंडेन्सर खूश. पण ते पाण्यात 8 टक्के विरघळतं. 1000 लिटर धुण्याच्या पाण्यातून 80 किलो निघून जातं, आणि त्याच्या प्रत्येक किलोला जाळायला 1.8 किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे त्या पाण्याचा सीओडी (त्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 1,40,000 मिलिग्रॅमच्या वर. बाहेर सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा 250. जंतू ते आवडीने खातात हे खरं, पण एवढ्या मेजवानीत ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) हवा पुरत नाही. उपाय होता, पाण्याला आधी स्ट्रिपिंग करून, म्हणजे कॉलममध्ये उडवून, सॉल्व्हंट परत काढायचा, आणि तो कॉलम पहिल्या अंदाजपत्रकात नव्हता. तुमच्या कार्डनॉल रूटपैकी एखादा सॉल्व्हंटशिवाय होत असेल (कार्डनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि अमाइन जोडणारी मॅनिख विक्रिया बऱ्याचदा होते) तर दोन टक्के यिल्ड कमी पडली तरी मी तोच उचलेन.

मिठाचंही तसंच. खाडी खारीच आहे, मीठ गेलं तर काय बिघडलं, असं मी मीटिंगमध्ये ऐकलंय. पण तुमचं पाणी थेट खाडीत जात नाही, ते आधी जंतूंच्या टाकीत जातं आणि जास्त मिठात तिथले जंतू मरतात. मग ते पाणी इव्हॅपोरेटरला. 1 टन पाणी एका टप्प्यात उडवायला टनापेक्षा थोडी जास्त वाफ, तीन टप्प्यांत साधारण 400 किलो. खाली उरलेलं मीठ सेंद्रिय घाण घेऊन येतं, ते कोणी घेत नाही, ते पैसे देऊन टाकावं लागतं. आम्ल घालून न्यूट्रल करायची प्रत्येक पायरी म्हणजे ही अख्खी साखळी. तुमच्या मॅनिखमध्ये बाहेर पडतं ते नुसतं पाणी, हे लिहायला विसरू नका. त्या पाण्यात थोडं अमाइन-फॉर्मल्डिहाइड असणार, त्याची साठवण किती दिवसांची हेही ठरवा. घाट बंद पडला की टँकर हलत नाही.

लॅबचे आकडे मोठे करताना दोन चुका हमखास होतात. हीटिंग मँटलची (फ्लास्क तापवणाऱ्या विजेच्या शेगडीची) वीज मोजून ती हजारपट करतात. प्लँटमध्ये तापवणं वाफेवर असतं, तेव्हा उष्णतेचा ताळेबंद वेगळा मांडा. आणि लॅबमधलं 20 पट सॉल्व्हंट तसंच धरतात. प्लँटमध्ये 5 ते 8 पटीवर काम भागतं. माझी सवय अशी की प्रत्येक अंदाजाला बरा, मधला आणि वाईट असे तीन आकडे द्यायचे. तिन्हीत एकच रूट वर राहिला तर निर्णय झाला. क्रम बदलत असेल तर ज्या आकड्याने बदलतो तेवढाच प्रयोग करून मोजायचा, बाकीच्यांमागे वेळ घालवायचा नाही.

युरोपच्या ग्राहकाचा फॉर्म बहुधा युरोपियन कमिशनच्या डिसेंबर 2022 च्या ‘सुरक्षित आणि शाश्वत रचना’ चौकटीवर बेतलेला असेल. तिचा क्रम चांगला आहे: आधी रसायनाचा मूळ धोका, मग बनवताना कामगाराला, मग वापरताना, मग जीवनचक्र. वर सांगितलेले कागद तयार असले तर फॉर्म दोन दिवसांत भरून होतो. पूर्ण जीवनचक्राचं सॉफ्टवेअर तेव्हा आणा, पायलट प्लँटचे (छोट्या चाचणी संयंत्राचे) आकडे हातात आले की.

शेवटी एक काम उद्याच करा. प्रत्येक रूटचं उरलेलं पाणी एक-एक लिटर बाटलीत भरून, लेबल लावून तुमच्या ईटीपीच्या माणसाकडे न्या. त्याच्या टाकीतला गाळ एका बादलीत घेऊन त्यात ते थोडंथोडं घालायला सांगा, हवा चालू ठेवून, तीन दिवस. कुठल्या पाण्याने फेस येतो, कुठल्याने वास उठतो, कुठल्याने गाळ पांढरा पडून वर तरंगतो हे तो सांगेल. ते वाक्य त्याच्याच शब्दांत अहवालाला जोडा.